टिंबामागच्या फाइली

'ई ३२५ : अटेन्शन.' सर्व्हरवर काम करणाऱ्याने हा संदेश पाहिला नाही असं होत नाही, आणि तो शेवटपर्यंत वाचला असंही सहसा होत नाही. व्हिम या एडिटरमध्ये एखादी फाइल उघडायला जावं, तर तिच्या जागी पडदाभर इंग्रजी मजकूर येतो. अमुक नावाची स्वॅप फाइल सापडली, ती अमुक युजरची, अमुक तारखेची आहे, तिच्यात केलेले बदल सेव्ह झालेले नाहीत, ती अमुक मशिनवर अमुक नंबरच्या प्रोसेसने तयार केली. त्याखाली दोन शक्यता समजावून सांगितलेल्या असतात : एक तर ही फाइल या क्षणी दुसरं कुणीतरी एडिट करतंय, किंवा मागे कधीतरी एडिट करता करता काम अर्ध्यात कोसळलंय. आणि सगळ्यात शेवटी प्रश्न : नुसती वाचायला उघडू, तशीच एडिट करू, रिकव्हर करू, की बाहेर पडू? मालक-प्रोसेस जिवंत नसेल तर 'उडवू का?' हाही पर्याय मिळतो. प्रत्येकासाठी एकेक अक्षर दाबायचं. हात सवयीने 'तशीच एडिट'वर जातो.

मी पुण्यातल्या एका कंपनीत दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचं काम करते. दर पावसाळ्यात कॉलेजातून नवी मुलं येतात. लिनक्स त्यांना बऱ्यापैकी येत असतं, कमांडा पाठ असतात. मी त्यांना पहिल्याच आठवड्यात हा संदेश मोठ्याने वाचायला लावते. मुलं एकमेकांकडे बघून हसतात. एकाने एकदा विचारलं, "मॅडम, एवढं कशाला? डिलीट केलं की जातं ना ते." जातं, हे खरं आहे. काय जातं, एवढंच बघायचं असतं.

एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकलेला असतो, तशी ही फाइल. जागा कुणीतरी धरलीय एवढं कळतं. धरणारा दाराशी गर्दीत अडकलाय की मागच्याच स्टँडवर राहिला, ते रुमालावरून कळत नाही. स्वॅप फाइल त्याहून बरंच जास्त बोलते. तिच्या अगदी पहिल्या ब्लॉकमध्ये युजरचं नाव, मशिनचं नाव, मूळ फाइलचं नाव, प्रोसेसचा नंबर आणि मजकूर बदललाय की नाही याची खूण, एवढं सगळं लिहून ठेवलेलं असतं. तो नंबर त्याच मशिनवर अजून चालू असेल, तर व्हिम नंबरापुढे कंसात कॅपिटल अक्षरांत 'स्टिल रनिंग' असं छापतं. इतकी माहिती समोर असताना न वाचता 'ई' दाबणाऱ्याचं मला नेहमी नवल वाटतं.

ही फाइल बनते कशी तेही सांगायला हवं, कारण तिच्या बाबतीतले निम्मे गैरसमज तिथूनच निघतात. व्हिममध्ये फाइल उघडली की त्याच फोल्डरमध्ये शेजारी दुसरी एक फाइल तयार होते. तिचं नाव मूळ नावाआधी टिंब आणि शेवटी 'डॉट एसडब्ल्यूपी' असं असतं. टिंबाने सुरू होणारी नावं साध्या यादीत दिसत नाहीत, त्यामुळे ती आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. तुम्ही २०० अक्षरं टाइप केलीत, किंवा ४ सेकंद हात थांबवलात, की तोपर्यंतचे बदल तिच्यात उतरतात. व्यवस्थित बाहेर पडलात की ती आपोआप नाहीशी होते. म्हणजे ती मागे उरलेली दिसली, तर कुणीतरी आत आहे किंवा कुणीतरी नीट बाहेर पडलेलं नाही. एक स्वॅप असताना दुसऱ्याने 'तशीच एडिट' केलं, तर त्याची स्वॅप 'एसडब्ल्यूओ' नावाने बनते, तिसऱ्याची 'एसडब्ल्यूएन', अशी इंग्रजी वर्णमाला उलटी मागे जात राहते. एखाद्या कॉन्फिग फाइलशेजारी पी, ओ, एन अशा तिन्ही दिसल्या, की तीन जण एकमेकांच्या डोक्यावरून काम करून गेलेत हे न विचारता समजतं.

आणखी एक गोष्ट नवख्यांना सांगावी लागते : स्वॅप म्हणजे पूर्ण प्रत नव्हे. न बदललेला भाग व्हिम मूळ फाइलमधून घेऊ शकतं, म्हणून रिकव्हर करताना स्वॅप आणि मूळ फाइल या दोन्हींची गरज लागते. मूळ फाइल नंतर कुणी बदलली असेल, तर संदेशात तारखेखाली 'स्वॅपपेक्षा नवी' असा शेरा येतो, आणि अशा वेळी रिकव्हर करून निघणारा मजकूर जुन्या-नव्याची खिचडी असू शकतो. घाईत 'तशीच एडिट' करून सेव्ह करणारा माणूस स्वतःचं काम उरकतो आणि आधीच्या माणसाला आपलं काम परत मिळवायची वाट अवघड करून जातो. त्याला ते कळतही नाही.

एडिटर कोसळल्यावर काम वाचवायची ही सोय व्हिमच्याही आधीची. बिल जॉयने १९७६च्या सुमाराला बर्कलीत 'व्हीआय' लिहिला, त्या घराण्यातही ती होती. मशिन बंद पडून पुन्हा सुरू झालं, की वाचलेल्या कामाबद्दल युजरला मेल जायची. ब्राम मोलेनारने व्हिम पहिल्यांदा लोकांपुढे आणलं १९९१मध्ये, अमिगा या कॉम्प्युटरवर. त्या काळच्या मेमरीत न मावणारी फाइलही उघडता यावी हे स्वॅपचं दुसरं काम होतं, आज ते आपण विसरलोय. ब्राम ऑगस्ट २०२३मध्ये गेला. व्हिम नुसतं उघडलं तर युगांडातल्या मुलांना मदत करा अशी ओळ आजही दिसते, ती त्याचीच.

तर, काम. मार्च २०२०मध्ये सगळे घरी गेले आणि आमच्याकडच्या स्वॅप फाइलींचा प्रकारच बदलला. ऑफिसात असताना त्या मुख्यतः निष्काळजीपणाच्या असायच्या, कुणीतरी टर्मिनलची खिडकी फुली मारून बंद केलेली असायची. घरून काम सुरू झाल्यावर त्या तुटलेल्या कनेक्शनच्या झाल्या. कुणाच्या इमारतीची वीज जायची, कुणाचा ब्रॉडबँड पावसात भिजायचा, कुणी गावी जाऊन मोबाइलच्या एका रेषेवर सर्व्हरला जोडलेलं असायचं. अशा वेळी पलीकडे काय होतं हे कळलं की स्वॅपबद्दल आदर वाटायला लागतो. लाइन तुटली हे सर्व्हरला लगेच कळत नाही. लिनक्सची मूळ सेटिंग असेल, तर दोन तास काहीच हालचाल नसल्यावर तो चाचपणी सुरू करतो, उत्तर येत नाही असं पाहून कनेक्शन सोडतो, आणि मग त्या टर्मिनलवरच्या व्हिमला 'हँगअप' सिग्नल जातो. व्हिम त्या सिग्नलने मरतं, पण मरण्याआधी हातातलं सगळं स्वॅपमध्ये लिहून मरतं. 'प्रिझर्व्हिंग फाइल्स' अशी एक ओळही छापतं. वाचायला समोर कुणी नसतं हा भाग वेगळा.

आमचा एक सहकारी त्या लॉकडाऊनमध्ये दापोलीजवळच्या आपल्या गावी होता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. रायगड आणि उत्तर रत्नागिरीत झाडं, पत्रे, विजेचे खांब आडवे झाले. वीज आणि फोन कित्येक ठिकाणी दिवसचे दिवस बंद होते. त्याचाही फोन लागेना. माणूस सुखरूप आहे ना याची काळजी आधी होती, ती त्याच्या चुलतभावाकडून मुंबईमार्गे निरोप आल्यावर मिटली. मग उरली ती फाइल.

रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट होती ती, एका ग्राहकाच्या सर्व्हरवरची. दुसऱ्या दिवशी आमच्या टीममधल्या मुलीने ती उघडली आणि संदेश आला : युजर तो, तारीख कालची, बदल केलेले आहेत, प्रोसेस आता चालू नाही. तिने फोन केला, "मॅडम, रिकव्हर करून सेव्ह करून टाकू? त्याचं काम वाया नको जायला." हेतू चांगला होता. मी म्हटलं, रिकव्हर कर, पण सेव्ह दुसऱ्या नावाने, दुसऱ्या फोल्डरमध्ये. मूळ फाइलला हात लावू नकोस आणि स्वॅपही तशीच राहू दे. मग दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावून फरक बघितला. त्याने वरचा जुना भाग, ज्यात कोणते फोल्डर बॅकअपला घ्यायचे याची यादी होती, तो पूर्ण काढून टाकला होता. खाली नवीन पद्धतीची यादी सुरू केली होती आणि ती तिसऱ्या की चौथ्या फोल्डरपाशी, ओळीच्या मध्यात, तुटली होती.

रिकव्हर केलेली फाइल तशीच सेव्ह झाली असती, तर त्या रात्री बॅकअप अर्धवट झाला असता किंवा झालाच नसता, आणि स्क्रिप्टने कदाचित तक्रारही केली नसती. उलट स्वॅप उडवली असती, तर जी नवी मांडणी त्याने बराच विचार करून केली होती (फरकातल्या कॉमेंटांवरून ते दिसत होतं) ती गेली असती. म्हणून मूळ स्क्रिप्ट जुन्या यादीनिशी चालू राहिली आणि वाचवलेली प्रत बाजूला त्याच्या नावाने पडून राहिली. काही दिवसांनी तो दुचाकीने रेंज असलेल्या ठिकाणी आला आणि त्याचा फोन आला. घर, बाग, सुपारी किती पडली, हे सगळं बोलून झाल्यावर मी फाइलचा विषय काढला. तो म्हणाला, "अगं, वरचं मी मुद्दाम काढलं होतं. खालचं पूर्ण करून मग तपासणार होतो, तेवढ्यात वीज गेली." रिकव्हर झालेली फाइल म्हणजे माणसाला जे लिहायचं होतं ते नव्हे, वीज जाताना तो जिथवर आला होता ते. व्हिमच्या मदतीच्या पानांत रिकव्हर केल्यावर आधी वेगळ्या नावाने सेव्ह करून फरक बघा असं पूर्वीपासून सांगितलेलं आहे. ती पानं कुणी वाचत नाही, म्हणून दापोलीची गोष्ट मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते.

मालक जिवंत असेल आणि सापडत नसेल, तेव्हाचा प्रश्न वेगळा. 'स्टिल रनिंग' दिसतंय, माणूस जेवायला गेलाय किंवा झोपलाय, आणि फाइल आत्ता बदलायची आहे. लोक सरळ नऊ नंबरचा सिग्नल देऊन प्रोसेस मारतात. तो सिग्नल कुठल्याच प्रोग्रामला पकडता येत नाही, त्यामुळे व्हिमला शेवटचं लिहायची संधी मिळत नाही. खरं सांगायचं तर नुकसान थोडंच होतं, कारण माणूस चार सेकंदांहून जास्त वेळ हललेला नसला, तर सगळं आधीच उतरलेलं असतं. पण हँगअप सिग्नल दिला तर तेवढंही जात नाही, आणि एवढं सोपं असताना नऊ नंबर द्यायला कारणच नाही. मी आधी 'डब्ल्यू' ही कमांड देऊन कोण किती वेळापासून गप्प आहे ते बघते, मग फोन करते, मग हँगअप. क्रम हाच.

स्वॅपच्या शेजारपाजारच्या मंडळींनीही मला पुष्कळ शिकवलं. व्हिमची खूण टिंब. इमॅक्स हा दुसरा जुना एडिटर आपली जुनी प्रत नावापुढे नागमोडी रेघ लावून ठेवतो आणि न सेव्ह केलेलं काम नावाच्या दोन्ही बाजूंना चौकटीची खूण लावून. दिसायला फरक किरकोळ. पण डेबियन घराण्यातल्या सर्व्हरवर एनजिनएक्स हा वेबसर्व्हर चालू साइटच्या फोल्डरमधलं सगळं तारकाचिन्ह वापरून वाचून घेतो. तारकेत टिंबाने सुरू होणारी नावं येत नाहीत, म्हणून व्हिमची स्वॅप तिथे पडून राहिली तरी काही होत नाही. नागमोडी रेघेची फाइल मात्र बरोबर तारकेत सापडते.

एका सर्व्हरवर आधीच्या कुणीतरी साइटची फाइल लिंक न करता थेट त्याच फोल्डरमध्ये ठेवली होती आणि तिथेच इमॅक्सने एडिट केली होती. जुनी प्रत शेजारी उरली. एनजिनएक्सला एकाच साइटच्या दोन व्याख्या दिसायला लागल्या, आणि दोघींचाही 'मीच मुख्य' असा दावा. पण तो आधीपासून चालू होता, त्यामुळे साइट व्यवस्थित दिसत राहिली. फक्त दर वेळी कॉन्फिग पुन्हा वाचायला सांगितलं की तो चाचणीतच नापास होऊन जुन्याच कॉन्फिगवर चालू राहायचा. कुणाला पत्ता नाही. सुरक्षेचं प्रमाणपत्र ९० दिवसांनी संपायच्या आत आपोआप नवं झालं, डिस्कवर आलंही, पण वाचलंच गेलं नाही. एके दिवशी ग्राहकाचा फोन : साइट धोकादायक आहे असं ब्राउजर म्हणतोय. शोध प्रमाणपत्रापासून सुरू झाला आणि एका नागमोडी रेघेपाशी संपला. वेळापत्रक चालवणाऱ्या क्रॉनने मात्र हा विचार आधीच केलेला आहे. डेबियनवर त्याच्या फोल्डरमध्ये अक्षरं, आकडे, अधोरेखा आणि आडवी रेघ एवढ्यांचीच नावं तो मानतो, नागमोडी किंवा टिंब दिसलं की ती फाइल सोडून देतो. क्रॉन लिहिणाऱ्यांनी असले उकिरडे आधी पाहिले असणार.

वेबसाइटच्या फोल्डरमध्ये स्वॅप राहणं याहून वाईट. पीएचपीच्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो. ती फाइल ब्राउजरने मागितली तर सर्व्हर आधी ती चालवतो आणि फक्त निकाल पाठवतो, म्हणून पासवर्ड बाहेर जात नाही. तिच्या स्वॅपचं शेपूट मात्र वेगळं असतं. सर्व्हरच्या दृष्टीने ती साधी फाइल, मागितली की जशीच्या तशी हातात. टिंबामागे ती लपलेली आहे असं आपल्याला वाटत असतं, पण अपाची मूळ सेटिंगमध्ये 'एचटी'ने सुरू होणाऱ्या टिंबफाइली तेवढ्या अडवतो, बाकीच्या नाही. लॉग उघडून बघा, नेमक्या अशाच नावांची विचारणा करणारे बॉट सापडतील. टिंबाने सुरू होणारं काहीही बाहेर द्यायचं नाही हा नियम (प्रमाणपत्राच्या पडताळणीला लागणारा एक फोल्डर सोडून) आम्ही सगळीकडे लावला. त्याहून सोपं म्हणजे चालू साइटवर बसून एडिट करायचंच नाही. पण रात्री अकराला ग्राहक अडलेला असला की हे तत्त्व कुणाला आठवतं?

मध्येच एक गंमत. एका नव्या मुलाने फोल्डरवर पाळत ठेवणारी स्क्रिप्ट लिहिली होती. तो घाबऱ्याघाबऱ्या आला : "मॅडम, '४९१३' नावाची फाइल येतेय आणि लगेच जातेय. हॅक झालंय बहुतेक." हॅक काही नव्हतं. सेव्ह करण्याआधी या फोल्डरमध्ये आपल्याला नवी फाइल बनवता येते का, हे व्हिम कधीकधी तपासून बघतं, आणि त्या चाचणी फाइलचं नाव व्हिमच्या कोडमध्येच ४९१३ असं लिहिलेलं आहे. त्या नावाची फाइल आधीच असेल तर त्यात १२३ मिळवून पुढचं नाव घेतं. त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारं काम सर्व्हरवरचं नव्हतं. माझी एक मैत्रीण मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करते, हौसेने. त्या फाइलींत इंग्रजी वाक्याची एक ओळ आणि तिच्याखाली मराठी वाक्याची एक ओळ अशा जोड्या असतात. ती पेनड्राइव्हवरच काम करायची, आणि घरातल्या कुणीतरी पेनड्राइव्ह चालू असताना उपटला. मूळ फाइल जुनी, स्वॅप त्याच पेनड्राइव्हवर, आणि ती अर्धवट लिहिली गेलेली. रिकव्हर केलं तर बराच मजकूर आला, पण मध्ये मध्ये तीन प्रश्नचिन्हं आणि 'बऱ्याच ओळी गायब आहेत' अशा अर्थाचे शेरे. व्हिम इतकं प्रामाणिक आहे की जिथे खात्री नाही तिथे स्वतःच मजकुरात तसं लिहून ठेवतं.

मग आमच्या धंद्यातला नेहमीचा उपाय : 'स्ट्रिंग्ज' ही कमांड. कुठल्याही फाइलमधून वाचता येण्याजोगी अक्षरं ती वेचून काढते. चालवली. इंग्रजी ओळी भराभर आल्या. मराठी ओळींच्या जागी फक्त सुरुवातीचा इंग्रजी शब्द आणि उघडलेलं अवतरणचिन्ह, पुढे काहीच नाही. पानभर हेच. मैत्रीण शेजारी बसली होती, ती म्हणाली, "म्हणजे इंग्रजी तेवढं वाचलं?" मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ही कमांड मुळात सात बिटांच्या अक्षरांनाच वाचनीय समजते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचं, तिन्ही बाइट त्या मर्यादेच्या वरचे. मराठी फाइलमध्ये होतं, कमांडच्या नजरेत नव्हतं. आठ बिटी अक्षरंही घे असा पर्याय तिला दिला आणि मराठी वाक्यं उमटली.

उमटली ती उलटी. म्हणजे अक्षरं सरळ, ओळींचा क्रम उलटा. मराठी वाक्य आधी आणि त्याचं इंग्रजी मूळ खाली. बघून गोंधळायला होतं, पण कारण साधं आहे. स्वॅपमधल्या प्रत्येक ब्लॉकमध्ये व्हिम ओळी शेवटाकडून भरत येतं, पहिली ओळ ब्लॉकच्या तळाशी, दुसरी तिच्यावर. वरची बाजू ओळींच्या अनुक्रमणिकेसाठी राखलेली असते. फाइल खालून वर उलटवणारी 'टॅक' कमांड लावली की ब्लॉकातला क्रम सरळ होतो. ब्लॉक मात्र एकमेकांत पुढेमागे झालेले असतात आणि एका ब्लॉकमध्ये देवनागरी चिन्हं फार तर हजार-तेराशेच मावतात, त्यामुळे तुकडे पुष्कळ झाले. तिथून पुढे आम्ही दोघींनी हातानेच जोडाजोड केली, इंग्रजी मूळ फाइल समोर ठेवून. चहा झाला, पोहे झाले, भांडणंही झाली, कारण 'हा शब्द मी बदलला होता, हा जुना तुकडा आहे' असं तिला मध्येच आठवायचं. स्वॅपमध्ये वापरून सोडलेल्या ब्लॉकांत आधीचा मजकूर राहून जातो, त्यामुळे तिची शंका खोटी नव्हती. बहुतेक सगळं परत मिळालं. पेनड्राइव्हवर काम करायचं तिने अजून सोडलेलं नाही.

हे सगळं बघितल्यावरही आमच्या टीममध्ये स्वॅप बंदच करून टाका म्हणणारे आहेत. त्यांचं म्हणणं, बदलांच्या नोंदी ठेवणारं गिट आहे, काय हरवायचंय? गिटमध्ये जे नोंदवलं तेच राहतं. स्वॅप राखते ते नोंदवण्याआधीचं. काही जण म्हणतात, उंदराने चालणाऱ्या नव्या एडिटरांत न सेव्ह केलेले टॅब बंद करून उघडले तरी तसेच असतात, मग हे जुनाट संदेश कशाला? पण ते एडिटर एकट्या माणसाच्या लॅपटॉपसाठी विचार करतात. स्वॅप बंद केली की दुसऱ्या माणसाला मिळणारी सूचनाही बंद होते, आणि सर्व्हरवर मला काम वाचवण्यापेक्षा त्या सूचनेची किंमत जास्त वाटते.

सगळ्या स्वॅप एकाच फोल्डरमध्ये, आपल्या होममध्ये, ठेवायचा मार्ग जास्त मोहात पाडणारा आहे. सेटिंगमध्ये फोल्डरच्या नावापुढे दोन तिरप्या रेघा दिल्या की फाइलचा पूर्ण पत्ता, तिरप्या रेघांच्या जागी टक्क्याची चिन्हं घालून, स्वॅपचं नाव बनतो. दोन ठिकाणच्या एकाच नावाच्या फाइलींची टक्कर होत नाही. व्हिममधूनच निघालेलं निओव्हिम तर मुळातच असं करतं. प्रोजेक्टचा फोल्डर स्वच्छ, वेबसाइटवर गळती नाही. पण माझी स्वॅप माझ्या होममध्ये आणि तुमची तुमच्या, म्हणजे आपण दोघं वेगवेगळ्या लॉगिनने एकच फाइल उघडली, तर कुणालाच काही कळणार नाही. शेवटी सेव्ह करताना फाइल बदलल्याची तक्रार व्हिम करतं तेवढीच. म्हणून लॅपटॉपवर होममध्ये आणि सामायिक सर्व्हरवर फाइलशेजारी, असं आम्ही ठरवलं.

जुन्या स्वॅप रात्री आपोआप पुसणारी स्क्रिप्ट मी बंद करायला लावली, त्यावरून थोडी नाराजी झाली. आता ती पुसत नाही, यादी करते, आणि ज्याची त्याला पाठवते. ज्यांत बदलच नव्हता आणि प्रोसेसही मेलीय, अशा स्वॅप नवं व्हिम न विचारता स्वतःच काढून टाकतं, त्यामुळे यादी आपोआप आखूड झाली. नोकरी सोडून गेलेल्यांच्या फाइली टीमचा प्रमुख रिकव्हर करून, फरक बघून, मग काढतो. कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळलं जातं.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. कॉन्फिग फाइली रूटच्या, म्हणजे मशिनच्या सर्वाधिकारी युजरच्या मालकीच्या, त्यामुळे सगळे सुडो लावून, रूटच्या अधिकाराने व्हिम चालवतात. मग स्वॅपचा मालक 'रूट' दिसतो. रूट म्हणजे आम्ही सगळेच. कोण, ते शोधायला लॉगिनच्या नोंदी आणि प्रोसेसची वंशावळ उपसावी लागते. त्यावर आमच्या डीबीएने सुडोएडिट सुचवलं. ते फाइलची प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढून तुमच्याच नावाने एडिटर उघडतं, रूटच्या ताकदीने एडिटर चालवायचा धोका टळतो, आणि स्वॅपवर खरं नाव येतं. पण प्रत प्रत्येकाची वेगळी, तिचं नावही वेगळं, म्हणून दोघांनी एकच फाइल उघडली तरी दोघांच्या स्वॅप एकमेकांना कधी भेटत नाहीत. तो म्हणतो सुरक्षितता आधी, मी म्हणते सूचना आधी. गेल्या बैठकीतही यावर एकमत झालं नाही, त्यामुळे त्याच्या डेटाबेसच्या मशिनांवर सुडोएडिट आहे आणि माझ्या वेबसर्व्हरांवर अजून तेच सुडो व्हिम चालतं. सोबत एक सामायिक चॅट, ज्यात फाइल उघडण्याआधी 'मी आत आहे' असं लिहायचं असतं. ते बरेच जण विसरतात.